रुबिस्कोमधलं छोटं सबयुनिट करतं तरी काय?

प्रश्न: पुस्तकात दिलंय की रुबिस्को या एन्झाइममध्ये कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम मोठं सबयुनिट करतं. मग छोटं कशाला असतं? ते बदललं तर प्रकाशसंश्लेषणावर काही परिणाम होतो का?
– बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी

उत्तर: होतो, आणि चांगलाच होतो! पुस्तकात याला एकच ओळ मिळते याचं मला खरंच वाईट वाटतं. झाडांच्या रुबिस्कोमध्ये आठ मोठी आणि आठ छोटी सबयुनिट्स, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, असतात. मोठ्यांचा जीन क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या डीएनएत, छोट्यांचे जीन्स मात्र न्यूक्लियसमध्ये, म्हणजे छोटं आधी बाहेर सायटोप्लाझममध्ये बनतं आणि मग क्लोरोप्लास्टच्या आत जाऊन मोठ्यांना जोडलं जातं. प्रत्यक्ष रिअ‍ॅक्शन मोठ्यांवरच होते हे बरोबर, पण छोटी काढून टाकली तर काम जवळपास ठप्प होतं.

आता मुद्दा स्पीडचा. रुबिस्को फारच हळू आहे, झाडांमध्ये रिअ‍ॅक्शन होते त्या एका जागेवर सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम तीनेक रेणू. ज्वारीचं रुबिस्को भातापेक्षा फास्ट असतं, म्हणून जपानमधल्या संशोधकांनी ज्वारीच्या छोट्या सबयुनिटचा जीन भातात घातला (२०११), मोठ्याला हातच लावला नाही, तरी भाताच्या रुबिस्कोचा स्पीड वाढला! पुढे २०२० मध्ये भाताचे स्वतःचे छोट्याचे जीन्स क्रिस्परने (जीनमध्ये हवा तिथे बदल करायचं तंत्र) बंद करून सगळी छोटी सबयुनिट्स ज्वारीचीच ठेवली, तेव्हा तर स्पीड जवळजवळ ज्वारीइतका झाला. म्हणजे बाजूला बसलेला तुकडा मधल्या कामाचा वेग ठरवतो. मला तर हे फार भारी वाटतं.

पण लगेच भाताचं पीक वाढेल असं समजू नकोस हं. स्पीड वाढला की कार्बन डायऑक्साइडवरची पकड सैल होते. ज्वारीला ते चालतं कारण ती सी-फोर वनस्पती आहे, पानाच्या आतल्या बंडल शीथ पेशींमध्ये रुबिस्कोभोवती ती कार्बन डायऑक्साइड भरपूर साठवते, भाताकडे ही सोयच नाही, त्यामुळे असं रुबिस्को खरा फायदा दाखवतं ते हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तेव्हा. तरी संशोधक छोट्याच्या मागे लागलेत ते बरोबरच आहे असं माझं मत, कारण न्यूक्लियसमधला जीन बदलणं भातासारख्या पिकात क्लोरोप्लास्टचा डीएनए बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.