काउंटीच्या सांडपाणी केंद्रात ऑपरेटरची नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, मेरीलँड राज्यात आलात, वर्क परमिट नुकतंच हातात पडलंय आणि काउंटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात शिकाऊ ऑपरेटरची जागा निघाली आहे. घरचे म्हणतात, एवढं शिकून गटाराचं काम? तर हे काम असतं कसं, आणि घ्यावं का?

घ्या. मी मूळची मिरजेची, बी.एस्सी. तुमच्यासारखंच, आणि याच राज्यातल्या दुसऱ्या एका काउंटीत गेली ११ वर्षं हेच काम करतेय. पण काय पत्करताय ते आधी समजून घ्या, कारण जाहिरातीत त्यातलं अर्धंही लिहिलेलं नसतं.

केंद्रातलं मुख्य काम म्हणजे जिवाणू पाळणं. घराघरांतून आलेलं पाणी आधी जाळ्यांतून जातं, तिथे चिंध्या आणि प्लास्टिक अडकतं. मग वाळू-खडे खाली बसतात. त्यानंतर पाणी एरेशन टाकीत येतं. तळातून हवा सोडलेली असते आणि पाण्यात तपकिरी गाळ घुसळत असतो. तो गाळ म्हणजेच जिवाणू. ते पाण्यातली घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुढच्या टाकीत, क्लॅरिफायरमध्ये, पाणी संथ झालं की हे पुंजके तळाला बसतात आणि वरचं निवळ पाणी पुढे जातं. बसलेल्या गाळातला बराचसा आम्ही पंपाने परत एरेशन टाकीत आणतो. दही संपायच्या आत चमचाभर विरजणाला बाजूला काढून ठेवतो ना, अगदी तसं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी हेच दाखवून दिलं. गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, तर काही आठवड्यांचं काम काही तासांत होतं. आजही जगभरातली असंख्य केंद्रं याच तत्त्वावर चालतात.

किती गाळ परत घ्यायचा आणि किती काढून टाकायचा, यात ऑपरेटरचं कसब आहे. जास्त काढला तर नवं कोवळं विरजण उरतं, ते नीट बसत नाही आणि पाणी गढूळ जातं. फार दिवस ठेवला तर गाळ म्हातारा होतो, बारीक कण वर तरंगत राहतात. कधी धाग्यासारखे जिवाणू माजतात, मग गाळ कापसासारखा फुलतो आणि बसायचं नावच घेत नाही. रोज सकाळी मी दोन लिटरच्या बरणीत एरेशन टाकीतलं पाणी भरते आणि ३० मिनिटं गाळ बसू देते. पहिली पाच मिनिटं बरणीसमोरून हलत नाही. गाळ कसा बसतोय, कडा स्वच्छ आहे का, वरचं पाणी कसं दिसतंय, हे बघितलं की दिवस कसा जाणार ते बऱ्यापैकी कळतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब. देठावर डोलणारे घंटेसारखे प्राणी भरपूर दिसले की जीव भांड्यात पडतो.

तुमचं रसायनशास्त्र लागेल ते नायट्रोजनमध्ये. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली सगळ्या देशासाठी जो किमान दंडक आहे त्यात महिन्याची सरासरी बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि तरंगणारे कण ३० मिलिग्रॅम चालतात. इथे मेरीलँडमध्ये तेवढ्याने भागत नाही, कारण आपलं पाणी शेवटी चेसापीक उपसागरात जातं. नायट्रोजन आणि फॉस्फरस जास्त झाला की तिथे शेवाळ माजतं, ते मरून तळाशी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि खेकडे-कालवं-मासे गुदमरतात. म्हणून मेरीलँडने २००४ साली कायदा करून प्रत्येक घराच्या बिलावर एक शुल्क लावलं. लोक त्याला 'फ्लश टॅक्स' म्हणतात. त्या पैशातून मोठी केंद्रं सुधारली. त्यांना लिटरला ३ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि ०.३ मिलिग्रॅम फॉस्फरस गाठायचा असतो.

तीनपर्यंत उतरायचं तर आधी हवा देऊन अमोनियाचा नायट्रेट करायचा आणि मग हवा तोडून, जिवाणूंना खायला कार्बन देऊन, त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मोडायला साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाण्याची ७ मिलिग्रॅमच्या वर अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खर्ची पडते. अल्कलिनिटी संपली की पीएच घसरतो आणि हे जिवाणू काम टाकतात. थंडीत तर ते आधीच मंदावलेले असतात, म्हणून आम्ही पानगळीपासूनच गाळ जास्त दिवस राखून ठेवायला लागतो. गोठवणाऱ्या जानेवारीत अमोनियाचा आकडा वर सरकताना बघणं यासारखी काळजी दुसरी नाही. जिवाणूंची संख्या एका रात्रीत वाढवता येत नाही. ऑक्टोबरमध्ये केलेली चूक जानेवारीत भोवते.

हे झालं कुंपणाच्या आतलं. कुंपणाबाहेर आहेत त्या नळवाहिन्या, आणि माझ्या मते या कामाचा अवघड भाग तोच. लहान काउंटीत ऑपरेटरला दोन्हीकडे जावं लागतं. मुलाखतीत हे नक्की विचारा.

मैलापाणी शक्यतो उतारानेच वाहतं. सेकंदाला दोन फुटांपेक्षा वेग कमी झाला की घाण तळाशी बसायला लागते, तेवढा उतार नळाला द्यावाच लागतो. जमीन संपली, म्हणजे नळ फार खोल गेला, की तिथे लिफ्ट स्टेशन बांधतात: जमिनीखाली एक विहीर, त्यात निदान दोन पंप, आणि पातळी सांगणारे फ्लोट. हे पंप बंद पडण्याची दोन मोठी कारणं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर इथूनच येतात. 'फ्लशेबल' असं पाकिटावर छापलेले ओले पुसणे, म्हणजे वेट वाइप्स, विरघळत नाहीत. पंपाच्या पात्यांभोवती त्यांचा दोरखंडासारखा पीळ बसतो. दुसरं कारण तेल-तूप. गरम असताना ते पातळ असतं, नळात थंड होऊन भिंतींवर थर धरतं. आपल्या लोकांना मी हात जोडून सांगते, तळणीचं तेल, कढईतला तवंग सिंकमध्ये ओतू नका. कागदाने पुसा, कचऱ्यात टाका, मग भांडं धुवा. साबण आणि गरम पाणी सोडलं तरी ते तेल तुमच्या घरातून फक्त पुढच्या वळणापर्यंत जातं.

आणि मग पाऊस. हे मी आधी समजत नव्हते. आमच्या नळवाहिन्या फक्त मैलापाण्यासाठी आहेत, पावसाचं पाणी वेगळ्या नाल्यांतून जातं, तर पावसाशी आमचा काय संबंध? आमचं केंद्र दिवसाला सरासरी ४० लाख गॅलन पाणी घेतं. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की तोच आकडा तिपटीवर जातो. जुन्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून भूजल आत शिरतं, मॅनहोलच्या झाकणांतून पाणी गळतं, आणि लोकांनी पन्हळी, तळघरातले पंप गुपचूप मैल्याच्या नळाला जोडलेले असतात.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका रात्री २ वाजून २० मिनिटांनी फोन वाजला. लिफ्ट स्टेशनची विहीर भरत चालली होती. पोचले तर एक पंप पुसण्यांनी जाम, आणि दुसऱ्याला सुरू व्हायची खूण देणारा फ्लोट तेलाच्या थराला चिकटून बसलेला. वरच्या अंगाच्या मॅनहोलचं झाकण उचललं गेलं होतं आणि पाणी ओढ्याकडे चाललं होतं. माझ्या सहकाऱ्याने दुसरा पंप हाताने सुरू केला, टँकर मागवला. तोवर ४० मिनिटं गेली. तिकडे केंद्रात क्लॅरिफायरमधला गाळ पाण्याच्या लोंढ्याने वर यायला लागला होता. तो काठावरून वाहून गेला तर सगळं विरजणच नदीत. रात्रपाळीच्या वयस्क ऑपरेटरने एरेशनच्या काही टाक्यांची हवा बंद केली, म्हणजे गाळ तिथेच बसेल आणि क्लॅरिफायरवर कमी येईल. सकाळी सहाला पाणी उतरलं. गाळ वाचला.

मग दुसरं काम सुरू होतं, त्याबद्दल कोणी सांगत नाही. २४ तासांच्या आत राज्याला कळवायचं, किती गॅलन सांडलं त्याचा हिशेब द्यायचा, ओढ्याकाठी फलक लावायचे, वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने घ्यायचे. त्या ओढ्यात उन्हाळ्यात मुलं खेळतात. फलक ठोकताना एक बाई कुत्रा घेऊन आली आणि म्हणाली, 'कधीपर्यंत?' तिला तारीख सांगता आली नाही, ते मला अजून बोचतं.

त्या वर्षी आम्ही त्या वस्तीत धुराची तपासणी केली. मॅनहोलमधून निरुपद्रवी धूर पंख्याने नळात सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. यायला हवा घरांच्या छपरावरच्या हवा जायच्या नळीतून. आला पन्हळींतून, अंगणातल्या जाळ्यांतून, एका बागेतल्या गवतातून. एकेक दुरुस्त करायला दोन वर्षं लागली. पण आता तेवढाच पाऊस झाला की त्या स्टेशनचा दुसरा पंप सुरूदेखील होत नाही. माझ्या नोकरीतलं सर्वांत समाधानाचं काम कोणतं असं विचारलंत तर मी हेच सांगेन.

आता घरच्यांबद्दल. वासाचा प्रश्न असता तर तो आठवडाभरात सुटला असता, नाकाला सवय होते. 'गटाराचं काम' या शब्दांमागे आपल्याकडे जात आहे, हे आपण दोघींनी मान्य करायला हवं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक लोकांच्या माथी मारलं गेलं, आणि भारतात २०१३ च्या कायद्याने बंदी घातल्यानंतरही माणसं सेप्टिक टँकमध्ये, गटारात उतरून मरत राहिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. इथे तेच काम मी पगार, पेन्शन आणि नावाचा बिल्ला लावून करते. माझ्या कुटुंबालाही हे पचायला वेळ लागला, आणि मला त्यांच्याशी भांडावं लागलं.

म्हणूनच सुरक्षेच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यांचा वास येतो. दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. आमचं मापक १० भागांवरच ओरडतं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर पाय आत नाही. उतरावंच लागलं तर परवानगीचा कागद, कमरेला पट्टा, वर तिपाई आणि ओढून घेणारं चाक, आणि तोंडाशी एक माणूस ज्याने जागा सोडायची नाही. आत कोणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. बंदिस्त जागेत वाचवायला गेलेल्यांचेही बरेच जीव जातात. बहुतेक वेळा कोणी उतरतच नाही. कॅमेरा जातो, पाण्याच्या दाबाचा जेट जातो. 'दोन मिनिटांचं काम आहे, नुसतं वाकून बघ' असं म्हणणारा वरिष्ठ भेटला तर स्पष्ट नाही म्हणा. मला एकदा भेटला होता. मी नाही म्हटलं, नोकरी शाबूत आहे.

आणखी एक. महिन्याचा अहवाल सहीनिशी जातो, आणि त्यात खोटा आकडा जाणूनबुजून लिहिणं फौजदारी गुन्हा आहे. खराब आकडा आला तर खराब लिहा. त्याचं कारण शोधता येतं, लपवलेल्या आकड्याचं येत नाही.

व्यवहाराचं पटकन सांगते. आधी तात्पुरता परवाना, मग अनुभव आणि परीक्षा. परीक्षेत गणित बरंच असतं, ते तुम्हाला जड जाणार नाही. सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा घरी बसून करायचा कोर्स आहे, बरेच ऑपरेटर त्यावरच शिकलेत. धनुर्वाताची लस घ्या. कामाचे कपडे आणि बूट घरी आणू नका. दिवाळीत, नाताळात, बर्फात पाळी येईल. पाण्याला सुट्टी नसते, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ऑन-कॉलचा आठवडा किती आठवड्यांनी येतो ते आधीच विचारा. लिफ्ट स्टेशनं किती आणि त्यांवर माणसं किती, तेही विचारा.

आणि मुलाखतीला गेलात की एरेशन टाकीपर्यंत न्या म्हणा. कठड्याशी उभं राहून श्वास घ्या. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला आणि पाणी चॉकलेटी दिसलं, तर तिथल्या लोकांना काम येतं. काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास असेल, तर असं का आहे ते त्यांना विचारा. काय बिघडलंय आणि त्यावर काय चाललंय हे ज्यांनी तुम्हाला तिथेच उभं राहून सांगितलं, त्यांच्याकडेही जायला हरकत नाही.