जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचंय, ठेकेदार कसा निवडावा?

कोटेशन सगळेच देतात. ठेकेदाराला सध्या काम चालू असलेली एखादी साइट दाखवायला सांगा. तयार बाथरूम चकचकीतच दिसतं, खरं काम टाइल्सच्या खाली असतं. जुनी लादी फोडून वॉटरप्रूफिंग केल्यावर गळती तपासायला पाणी किती तास साठवून ठेवता, हे आवर्जून विचारा. किमान 24 तास, 48 असतील तर उत्तम. त्या वेळात खालच्यांच्या घरी जाऊन छत स्वतः बघायचं. ‘त्याची काही गरज नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पाइप कुठल्या कंपनीचे, राडारोडा कोण उचलणार, जीएसटी धरलाय का, हे लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने; शेवटचे 10 टक्के महिनाभर हातात ठेवा. सोसायटीची परवानगी मात्र तुम्हालाच काढावी लागेल.