ब्रँच ठरवायच्या आधी एकदा खोडदला जाऊन ये

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, पण नीट बसून लिहायचं होतं म्हणून उशीर झाला. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेऊ का ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), स्कोप कशात आहे, असं विचारलंस. खरं सांगू का, हे व्हिडिओ बघून ठरत नाही, आधी काम कुठे आणि कसं चालतं ते बघून ये, मग फॉर्म भर.

तू संगमनेरची, म्हणजे तुला सोपंच आहे. पुण्याच्या एसटीने नारायणगावला उतर, तिथून खोडद जवळ आहे, तिथे जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मधे एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास तिथे प्रदर्शन असतं, खेड्यापाड्यातल्या शाळा-कॉलेजची पोरं आपले प्रोजेक्ट घेऊन येतात, नुसती जत्रा असते. मोबाईल बंद ठेवायला सांगतील, कारण आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण असतात की आपले फोन त्यांना सहज झाकून टाकतात.

डिशकडे बघताना एक गोष्ट नीट बघ. पत्रा नाहीये तो, बारीक स्टीलच्या तारेची जाळी आहे, दोरांनी ताणून तिला आकार दिलाय. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही खूप वाचला. आणि तरी चालतं कसं? तर तिथे पकडतात त्या लहरी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटर आणि त्याहून लांब, त्यांच्यासमोर एक-दोन सेंटिमीटरची भोकं नसल्यासारखीच. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. त्यांनीच आधी उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली, आणि तिथे डोंगराचा उतारच असा शोधला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहील, म्हणजे एकाच अक्षावर फिरवून तासन्‌तास आकाशातल्या एकाच ठिकाणावर नजर ठेवता येते. आता सांग, यात फिजिक्स कुठे संपलं आणि मेकॅनिकल कुठे सुरू झालं?

तिथे गेलीस की मोठ्या सायंटिस्टबरोबर सेल्फी काढायला धावू नकोस. डिश फिरवणारी मोटर सांभाळणारे, रिसीव्हर दुरुस्त करणारे, पीएचडी करणारी पोरं, यांच्याशी बोल. "करिअरबद्दल सांगा ना" असं विचारलंस तर ठरलेलं भाषण मिळेल. त्यापेक्षा शेवटचं काय बिघडलं होतं आणि ते कसं सापडलं, एवढंच विचार, माणूस खुलून बोलतो बघ. मग घरी येऊन त्यांनी सांगितलेलं काहीतरी करून बघ आणि काय झालं ते त्यांना चार ओळीत मेल कर. मेंटॉर असाच मिळतो. "सर प्लीज गाइड करा" एवढ्याच मेलला कोण काय उत्तर देणार?

आणि जमलं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळलाही जा, विज्ञान आश्रमात. डॉ. कलबाग मुंबईतलं मोठं रिसर्चचं काम सोडून तिथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तो सुरू केला. तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं पोरं हाताने करत शिकतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहेच, पण माझं ऐकशील तर पाबळ आधी.

निघायच्या आधी वेबसाइटवर तारखा बघ, दरवर्षी थोडं बदलतं. मैत्रिणीला सोबत घे. आणि पप्पा नको म्हणाले तर भांडत बसू नकोस, मला फोन लावून दे, मी बोलतो त्यांच्याशी.