अजब बंगल्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यास

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सोयाबीनचा हंगाम आटोपल्यावर गावातील निरनिराळ्या धर्मांच्या मुलामुलींना घेऊन नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय पाहण्याचा तुझा बेत कळला आणि मनापासून आनंद झाला. १८६३ साली स्थापन झालेला हा अजब बंगला एका दिवसात सगळा पाहण्याचा हट्ट मात्र धरू नकोस. मोजक्याच वस्तू निवड आणि त्यांच्यापुढे निवांत वेळ दे.

आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती या संग्रहात आहेत. मूर्तीचा काळ आणि धातू फलकावर वाचता येतो. पण तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-लोभापासून पूर्ण मुक्त, असल्यामुळे ते कोणाला वर देत नाहीत, मग त्यांची पूजा कशासाठी करायची, हा प्रश्न एखाद्या श्रद्धाळू जैन माणसालाच विचारावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथे कोणत्या भावनेने वंदन होत असेल, हे विहारात नित्य जाणारा माणूस अधिक जिवंतपणे सांगू शकेल. मात्र फारसी शिलालेख दिसताच सोबतच्या मुसलमान मुलाकडे सर्वांनी वळून पाहू नये. त्याला ती लिपी येत असेलच असे नाही, आणि कोणत्याही मुलावर आपल्या धर्माची वकिली करण्याचे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

खरी कसोटी भंगलेल्या मूर्तीपुढे लागेल. ‘ही कोणी फोडली?’ असे कोणीतरी विचारीलच. त्या प्रश्नाला घाबरू नकोस. देवळांवर हल्ले झाले, हा इतिहास आहे. परंतु छत कोसळून, नांगराचा फाळ लागून किंवा शतकानुशतके ऊनपाऊस सोसूनही मूर्ती भंगतात, आणि भंगलेली मूर्ती पूजेत न ठेवता विसर्जित करण्याची रीत हिंदूंमध्येही आहे. म्हणून ती वस्तू कुठे, कोणत्या अवस्थेत सापडली, याची नोंद अभिरक्षकांना विचार. नोंदीत हल्ला असेल तर मुलांपासून लपवू नकोस. नोंदच नसेल तर सोबतच्या कोणाच्याही पूर्वजांवर आरोप होऊ देऊ नकोस.

सर्व धर्म एकच सांगतात, असे म्हणून चर्चा लवकर मिटवण्याचा मोहही टाळ, कारण मतभेद समजून घेण्यासाठीच तुम्ही एवढ्या लांब जात आहात. परतल्यावर गावातील विहार, मशीद आणि मंदिर पाहायला जा. पण आधी तेथील मंडळींना विचारून, नमाज-वंदनेच्या वेळा सांभाळून जा.

तुझा,
जुना शिक्षक