वाचकांचे प्रश्न : शिपाई घरी कधी येणार?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश खासदार सैन्यमुक्तीबद्दल सरकारला सभागृहात कसे धारेवर धरत?

उत्तर : आधी हिशेब समजून घ्या. जून 1945मध्ये सुटका सुरू झाली, ती वय आणि सेवा जोडून. दोन महिन्यांची सेवा म्हणजे वयाचे एक वर्ष. म्हणून 22 वर्षांचा, चार वर्षे लढलेला जवान आणि 40 वर्षांचा, एकच वर्ष सेवा झालेला माणूस एकाच गटात येत. हा ‘अ’ वर्ग. घरबांधणीसारख्या निकडीच्या कामांसाठी लागणारे कारागीर ‘ब’ वर्गात रांग सोडून सुटत, पण त्यांना रजा तीनच आठवड्यांची, ‘अ’ला आठ. साहजिकच कुरबुरी झाल्या.

आता सभागृहाकडे वळू. मंत्र्याकडून तोंडी उत्तर हवे असेल तर खासदाराला आपल्या लेखी प्रश्नावर ताऱ्याची खूण, म्हणजे तारांकन, करावे लागे. एका खासदाराला तेव्हा दिवसाला असे तीनच प्रश्न. कोणत्या मंत्र्याने कोणत्या वारी उत्तरे द्यायची, तेही ठरलेले. तासाभरात आपला क्रमांक आला नाही, की उत्तर लेखी मिळे आणि उपप्रश्नाची, म्हणजे तोंडी उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न विचारण्याची, संधी जाई. खरी धार तर उपप्रश्नातच!

नवखे चुकत ते इथे : ‘अमुक शिपायाला का रखडवले?’ असल्या एकट्यादुकट्या प्रकरणासाठी मंत्र्याला पत्र लिहिणेच बरे. प्रश्नात मतप्रदर्शन असेल, किंवा विषय त्या मंत्र्याच्या अखत्यारीत नसेल, तर तो स्वीकारलाच जात नाही. ‘अमुक गट कोणत्या तारखेपर्यंत सुटेल?’ असे नेमके विचारले, की मंत्र्याला मोघम उत्तर देणे अवघड जाई.

आपल्या लोकसभेतले तारांकित प्रश्न याच पद्धतीतून आले.