एएफसाठी कोणतं अ‍ॅब्लेशन चांगलं: रेडिओफ्रिक्वेन्सी, क्रायोबलून की पल्स्ड फील्ड?

एएफ म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, आणि अ‍ॅब्लेशन म्हणजे तो बिघाड करणारी हृदयातली जागा निकामी करणं: रेडिओफ्रिक्वेन्सीत उष्णतेनं, क्रायोबलूनमध्ये गारठ्यानं, पल्स्ड फील्डमध्ये विजेनं. यंत्र कोणतं हे विचारण्याआधी ते कोण चालवणार हे विचारा. दादाला हेच सांगून मी थकले.

आईचं एएफ अधूनमधून येऊन आपोआप थांबणारं होतं. डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवली, मी होकार दिला. फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती एकेक बिंदू भाजत कडं पूर्ण केलं. घरी आल्यावर काही आठवड्यांतच धडधड परत आली आणि दादानं झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले: हिनं जुनं तंत्र निवडलं, क्रायोबलून केलं असतं तर आई बरी असती. आई शेजारच्या खोलीत ऐकत होती. अ‍ॅब्लेशन फसलं असं समजून ती जेवेनाशी झाली. पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड म्हणजे अपयश नव्हे, भाजलेली जागा तेव्हा सुजलेली असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दादा त्या भेटीला आला नव्हता. पुढे आईची धडधड थांबली. दादा त्याला नशीब म्हणतो.

2016च्या 'फायर अँड आइस' चाचणीत 762 रुग्ण होते. वर्षभरात उपचार अपुरा पडल्याचं प्रमाण क्रायोबलूनमध्ये 34.6 टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीत 35.9. एवढ्याशा फरकावरून आईला घाबरवायचं?

धोके मात्र वेगळे आहेत. बलूनच्या गारठ्यानं श्वासपटल हलवणारी उजवी फ्रेनिक नस दुखावून ते लुळं पडू शकतं. बहुतेकदा ते सुधारतं. उष्णतेनं हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा होऊ शकते. क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतते. पल्स्ड फील्डमध्ये विजेचे अतिसूक्ष्म काळाचे झटके असतात, त्यामुळे अन्ननलिका आणि नस बऱ्याच अंशी वाचतात आणि वेळही कमी लागतो. 2023च्या 'अ‍ॅडव्हेंट' चाचणीत त्याचं यश जुन्या दोन्ही पद्धतींच्या तोडीचं निघालं, सरस नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटणं, हृदयाची धमनी अचानक आवळली जाणं हे त्याचे धोके.

माझं मत: तुमचे डॉक्टर जे रोज करतात तेच घ्या. वेगवेगळ्या पद्धती वापरणारे दोन डॉक्टर तितकेच सरावलेले असतील तर मी पल्स्ड फील्ड घेईन.

हे सगळं येऊन-जाऊन असणाऱ्या एएफबद्दल. कायम टिकून राहिलेल्या एएफमध्ये तिन्ही पद्धतींचं यश कमी. एसव्हीटीचं (हृदय एकाएकी फार जोरात धडधडण्याच्या वेगळ्या आजाराचं) अ‍ॅब्लेशन तर वेगळंच प्रकरण, त्याला यातलं काही लावू नका.

आणि ठोके नियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ती किती दिवस घ्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. दादा अजून ती बंद करायला सांगतो. आईची चालू आहे.