कर्ज काढून युरोप फिरावं का?

तुझं पत्र मोठं आहे, पण प्रश्न एकच आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातलं एक सत्र जर्मनीत कार्ल्सरुहला करते आहेस, एप्रिल ते ऑगस्ट. शनिवार-रविवारला जोडून आठ शहरं बघायची आहेत: पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम, बार्सिलोना आणि इंटरलाकेन. प्रत्येकी १८० युरो धरून १,४४० युरो लागतील, म्हणजे युरो १०५ रुपयांना धरला तर साधारण दीड लाख. योगायोगाने मंजूर शैक्षणिक कर्जातले तेवढेच पैसे अजून उचललेले नाहीत. बाबा म्हणतात, "तिकडे गेलीच आहेस तर फिरून घे, पुन्हा कधी जाणार?" आई म्हणते, कर्जाच्या पैशाने सहल कसली. आणि निकाल मी द्यायचा!

कर्जाच्या बाबतीत आईचं बरोबर आहे, फिरण्याच्या बाबतीत बाबांचं.

आधी कर्ज बघू. तुझा व्याजदर १०.५ टक्के. शिक्षण संपून हप्ते सुरू व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर सरळ व्याज धरलं तरी दीड लाखावर ३१,५०० रुपये चढतात. मग १,८१,५०० रुपये सात वर्षांत फेडायचे, तर हप्ता बसतो ३,०६० रुपयांच्या आसपास आणि एकूण भरणा होतो २ लाख ५७ हजार. इंटरलाकेनच्या शनिवार-रविवारचा हप्ता तू तिशी गाठताना भरत असशील. त्यात शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या खर्चालाच मिळतं. अभ्यासक्रमाचा भाग असलेली अभ्याससहल त्यात बसते, मैत्रिणींबरोबरचं बार्सिलोना नाही. ते 'राहण्याचा खर्च' म्हणून दाखवायचं तुझ्या डोक्यात आहे, ते काढून टाक. ती रक्कम उचलू नकोस. न उचललेल्या रकमेवर व्याज चढत नाही.

आता बाबांचा मुद्दा. तो भावनिक वाटतो, पण हिशेबातही टिकतो. नोकरी लागल्यावर हेच पॅरिस बघायचं म्हटलं तर आधी विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट, वर शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, ९० युरो शुल्क, आणि सुट्टी मिळायला हवी ती वेगळीच. आज तू कार्ल्सरुहहून थेट रेल्वेने सुमारे अडीच तासांत पॅरिसला पोचतेस आणि तुझ्या जर्मन व्हिसावर शेंगेन देशांत फिरायला वेगळी परवानगी लागत नाही. त्यामुळे 'अजिबात जाऊ नकोस' असं मी म्हणणार नाही. फक्त पैसे कुठून आणायचे ते बदल.

तू दिलेला महिन्याचा खर्च असा: भाडं ४१०, आरोग्य विमा १४५, खाणं २२०, प्रवास आणि फोन ६०, किरकोळ ५०. एकूण ८८५. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, म्हणजे १०७ उरतात. त्यातले सात विसरून जा, रेडिओ-टीव्हीसाठी दरमहा घरटी १८.३६ युरोची प्रसारण वर्गणी भरावी लागली तर तुझा वाटा त्यातून जाईल. राहिले महिन्याला १००, पाच महिन्यांचे ५००. हा तुझा फिरण्याचा पैसा. यात आठ शहरं बसत नाहीत, दोन नीट बसतात.

१८० युरोचा तुझा आकडा मला कमी वाटतो, कारण तो तिकीट आणि हॉस्टेलचा पलंग एवढ्यावरच थांबला आहे. स्वस्त विमानाचं उदाहरण घे. रायनएअरच्या मूळ भाड्यात फक्त सीटखाली मावणारी छोटी बॅग येते, मोठीचे पैसे वेगळे. शिवाय ज्या विमानतळाला 'पॅरिस' म्हणतात तो बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आणि 'फ्रँकफर्ट' हान खऱ्या फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर. दोन्हीकडची बस, तिच्यासाठी आधी निघणं, रात्री उशिरा परतणं, यात दोन दिवसांतला अर्धा दिवस जातो. शिवाय जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी सामान भरून ठेवलं नाही, तर रविवारी रात्री परतल्यावर स्टेशनवर मिळेल ते आणि म्हणतील त्या भावाने खावं लागतं.

म्हणून मोठ्या सहली दोनच ठेव. त्याही लांबलेल्या सुट्टीत. २०२६ मध्ये १४ मे आणि ४ जून हे दोन्ही गुरुवार कार्ल्सरुह ज्या जर्मन राज्यात आहे तिथे सुट्टीचे आहेत. शुक्रवारची रजा टाकून चार दिवस करणारे तिथे पुष्कळ, त्यामुळे गाड्या भरतात आणि भाडी वाढतात. तिकिटं आत्ताच काढ. एक पॅरिस. तिथे लूव्हर संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युरोपीय संघ आणि नॉर्वेसारखे आणखी तीन देश) राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्यांना प्रवेश मोफत आहे, नागरिकत्व विचारत नाहीत, राहत असल्याचा पुरावा बघतात. बाहेरून आलेल्या पर्यटकाला यंदा जानेवारीपासून तिथेच ३२ युरो पडतात. दुसरी प्राग किंवा व्हिएन्ना, तुझं तू ठरव. रोम आणि बार्सिलोना लांब पडतात, दोन दिवसांत शीण जास्त. इंटरलाकेन मी यादीतून खोडेन. स्वित्झर्लंड महाग आहेच, शिवाय युरोपीय संघाचा मोफत रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. फोनचा प्लॅन न बघता नकाशा उघडलास तर बिल येईल.

बाकीचे शनिवार मासिक तिकिटावर काढ. जर्मनीभर प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांवर चालणारं डॉइचलँड तिकीट यंदा ६३ युरोला आहे आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्तात मिळतं. तुझ्या ६० युरोत ते धरलेलं असावं असं दिसतं. आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांना ते चालत नाही, तेवढं लक्षात ठेव. हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग त्यात येतात. ऱ्हाईनकाठच्या केहलपर्यंत त्याच तिकिटावर जा, पलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग आहे. ट्रामचे थोडे पैसे मोजायचे, नाहीतर पुलावरून चालत जायचं. अशा दिवसाला डबा आणि पाण्याची बाटली घेतलीस तर दहा-पंधरा युरोत भागतं. पासपोर्ट मात्र रोज जवळ हवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि परतताना गाडीत विचारू शकतात.

पैसे देताना जर्मन खात्याचं कार्ड वापर. भारतातल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा २ ते ३.५ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. प्रागमध्ये एटीएमने 'रक्कम युरोत वळवू का' असं विचारलं तर नको म्हण, कोरुनामध्येच घे. मशीनचा दर बँकेच्या दरापेक्षा बहुधा वाईटच असतो.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की जास्त खर्च झालाच तर खोलीची अनामत ८०० युरो परत मिळेल, त्यातून भरून काढीन. ते पैसे खोली सोडल्याच्या दिवशी हातात पडत नाहीत. घरमालक खोलीची पाहणी करतो, वीज-पाण्याचा हिशेब लावतो, यात काही महिने जाऊ शकतात आणि तोवर तू भारतात असशील. करारात परताव्याची मुदत काय लिहिली आहे ते आधी वाच, आणि रक्कम जमा होईपर्यंत जर्मनीतलं बँक खातं बंद करू नकोस.